पुसायचं की धुवायचं? जेवायच्या बैठकीवरच्या कापडाची गोष्ट

डायनिंग टेबलच्या खुर्च्यांचं कुशन फाटलं, म्हणून बीड, परळी किंवा माजलगावच्या बाजारात कुशनवाल्याकडे गेलात, तर तो रंग नंतर दाखवतो. आधी विचारतो, ‘पुसायचं पायजे का धुवायचं?’ पुसायचं म्हणजे रेग्झिन. सांडलं की ओल्या फडक्याने पुसलं, काम संपलं. धुवायचं म्हणजे कापड. बसायला थंड, दिसायला चांगलं, पण कधी ना कधी बादलीत किंवा मशीनमध्ये जाणारं.

प्रश्न साधा आहे, पण तो या जिल्ह्यात शेकडो वर्षं वेगवेगळ्या रूपात विचारला गेलाय. जेवताना माणसाच्या बुडाखाली काय असावं, त्याचा रंग कोणता असावा, हे इथे आवडीवर क्वचितच ठरलं. त्याला शिवणार कोण, ते धुवायला पाणी आहे का, आणि धुणार कोण, या तीन गोष्टींनी ते ठरवलं. खुर्ची आली, फोम आला, कॅटलॉग आला, तरी हे तीन प्रश्न गेले नाहीत. ते कुठून आले ते बघू.

पाट आणि सोवळं

खुर्चीआधी पाट होता. सागवानी फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, जमिनीपासून दोन-तीन बोटं उंच. जेवण झालं की पाट भिंतीला उभे करून ठेवायचे. खोली परत मोकळी. रोजच्या जेवणाला पाट उघडाच असायचा. सणाला, जावयाला, व्याह्याला मात्र त्यावर काहीतरी अंथरलं जायचं, भोवती रांगोळी निघायची. काय अंथरायचं, इथून कापडाचा प्रश्न सुरू होतो.

सोवळं पाळणाऱ्या घरांत त्याचं उत्तर ठरलेलं होतं. सुती कापडाला विटाळ लगेच होतो, लोकर आणि रेशीम यांना सहज होत नाही, असा तो नियम. म्हणून जेवताना आणि पूजेला पुरुष रेशमी मुकटा किंवा कद नेसायचे, बायका-मुलांना लोकरीची धाबळी चालायची, आणि बसायला लोकरीचं आसन असायचं. सुतीच वापरायचं असेल, तर ते त्याच दिवशी धुऊन, उंच दांडीवर काठीने वाळत घालून, कुणाचाही हात न लागता मिळालं पाहिजे. तेवढं झालं तरच ते सोवळं.

हा नियम धर्माच्या भाषेत सांगितला जायचा, पण त्यातलं कष्टाचं गणितही बघा. सुती आसन रोज धुवायचं, तर रोज एक-दोन घागरी पाणी जास्त. ते शेंदणारी, धुणारी, वाळत घालणारी बाई घरातलीच. लोकरीचं आसन या कष्टातून सुटलेलं. न धुता ‘शुद्ध’ राहणारं कापड ही विहिरीपासून लांब असलेल्या घराची मोठी सोय होती. शास्त्र आणि सोय इथे एकाच घोंगडीवर बसली होती.

आसनाचा विचार इथे नवा नव्हताच. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसायच्या आसनाचं वर्णन आहे: फार उंच नाही, फार खाली नाही, कुश, त्याबरोबर अजिन म्हणजे हरणाचं कातडं, आणि वस्त्र. या गीतेवर ‘गीतार्णव’ नावाची प्रचंड टीका लिहिणारे दासोपंत (१५५१–१६१५) अंबाजोगाईचे. त्यांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्टही कापडच आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं, आकृत्यांसकट. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं सुती कापड, घरोघरी असणारं. तत्त्वज्ञान लिहायला त्यांनी रेशीम घेतलं नाही. ज्या सुताला पंक्तीत चटकन विटाळ होतो असं मानत, त्याच सुतावर अंबाजोगाईत पंचमहाभूतांचा विचार लिहिला गेला.

दुसऱ्या घरातला दुसरा नियम

बीड १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्याआधीही कित्येक पिढ्या इथे मुसलमान घरं नांदत होती. त्यांच्याकडे जेवणाची बैठक वेगळी: खाली सतरंजी, त्यावर पांढरी चादर, मधोमध दस्तरख्वान, आणि सगळे त्याभोवती. प्रत्येकाचा वेगळा पाट नाही, पानाभोवती आखलेली हद्द नाही. मोठ्या घरांत बुटकी चौकी असायची आणि टेकायला लोड.

या लोड-तक्क्यांच्या कापडातही स्पर्शाचा नियम होता, पण सोवळ्याच्या बरोबर उलटा. पुरुषाने निव्वळ रेशीम अंगाला लावू नये, अशी इस्लामची शिकवण. त्यावर विणकरांनी उपाय काढला तो मशरू. नावाचाच अर्थ ‘शरियतला मान्य’. विणच अशी की चकचकीत रेशमाची बाजू वर येते आणि सुताची बाजू आत राहते. बघणाऱ्याला रेशीम दिसतं, अंगाला सूत लागतं. शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरू आणि मशरू दोन्ही विणले जायचे. तिथली विणकरी महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली त्या काळापासूनची, असं परंपरेने सांगतात. मशरूचे झगे व्हायचे, तसेच गाद्या-उशांचे अभ्रेही.

एकाच पेठेत दोन घरं. एका घरात रेशीम जास्त शुद्ध म्हणून सूत मागे, दुसऱ्या घरात रेशीम वर्ज्य म्हणून सूत अंगाला. दोघांचेही नियम पक्के, आणि दोघांसाठी विणणारा विणकर बहुतेक वेळा एकच. कापडाला स्वतःचा विटाळ नसतो, तो आपण लावतो, हे यापेक्षा सोप्या भाषेत कुठे दिसणार?

या दोन्ही घरांच्या गाद्या-उशांत कापूस भरणारा मात्र पिंजारी. खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार फिरणारा. तिच्या तातेचा टणत्कार ऐकू आला की बायका दबलेल्या गाद्या अंगणात काढायच्या. जुना कापूस पिंजून, फुगवून, पुन्हा त्याच खोळीत. श्रीमंताकडे उशीला सावरीचा कापूस. आजचा कुशनवाला हा पिंजाऱ्याचा आणि जिनगराचा वारस, हातात धनुकलीऐवजी स्टेपल गन आलेला.

काळी घोंगडी, मानाची

सोवळ्याच्या आणि रेशमाच्या गोष्टी वाड्यांच्या. बालाघाटाच्या डोंगरात, आष्टी-पाटोद्याच्या माळावर, बहुसंख्य घरांत पाहुणा आला की एकच गोष्ट अंथरली जायची: घोंगडी.

मेंढरं धनगरांची, विणकाम बहुधा सनगरांचं. लोकर कातरायची, पिंजायची, चातीवर सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्ड्यातल्या मागावर विणायचं. नवी घोंगडी खरखरीत असते, अंगाला टोचते. वापरता वापरता मऊ होते. दख्खनी मेंढीची लोकरच काळी, त्यामुळे रंगाऱ्याची गरज नाही. घोंगडीचा काळा रंग कुणी निवडलेला नाही, तो मेंढीचा आहे.

आणि इथे रंगाची गंमत आहे. पांढरपेशा घरात शुभकार्याला काळं चालत नाही. हळदी-कुंकवाला काळी साडी नको, पाटावर काळं आसन नको. त्याच गावात धनगरवाड्यावर देवापुढे अंथरायला, जागरणाला, पाहुण्याला, पंचांना बसायला काळी घोंगडीच मानाची. एका घरातला अशुभ रंग दुसऱ्या घरात बैठकीचा. घोंगडीवर कालवण सांडलं तर डाग दिसत नाही, धूळ झटकली की जाते, वर्षातून एकदा नदीवर नेऊन आपटली तरी पुरे. ज्या मुलखात पाऊस बेभरवशाचा, तिथे हा रंग टिकून राहिला यात नवल नाही.

याच घरांत बाईच्या हातची आणखी एक बैठक होती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्याने शिवलेली वाकळ किंवा गोधडी, आणि उरलेल्या तुकड्यांचं छोटं बसकर. लाल, हिरवं, जांभळं, जे लुगडं फाटलं त्याचा रंग. विकत घेतलेलं काहीच नाही. रंगसंगती म्हणाल, तर ती घरातल्या बायकांनी मागच्या दहा वर्षांत काय नेसलं याची नोंद.

बसायला कोण?

आतापर्यंत आपण बसणाऱ्याच्या खालचं बघितलं. पण आसनाचा खरा जोर कोणाला बसू द्यायचं नाही, यात होता. पंगत ही जातीची मोजपट्टी होती. कोण कुणाच्या पंक्तीला बसतो, कोण ओटीवर, कोण अंगणात, कुणाला आपलं ताट घरून आणावं लागतं, हे सगळ्या गावाला तोंडपाठ असायचं. दलितांना पंगतीत आसनच नव्हतं. उरलेलं, तेही लांबून वाढलेलं. गोदावरीपलीकडे पैठणला एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक ब्राह्मणांआधी अस्पृश्यांना जेवू घातला, अशी कथा संतचरित्रांत येते. ती एवढी सांगितली जाते, यातच ती गोष्ट किती अशक्य वाटत होती ते कळतं.

वारकऱ्यांनी यावर एक मार्ग काढला: आसनच काढून टाकायचं. आजही जिल्ह्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. काल्याच्या कीर्तनानंतर रानात मैलभर पंगती बसतात. पाट नाही, घोंगडी नाही, फार तर ताडपत्री. सगळे मातीवर. ही समता सप्ताहाच्या मांडवाबाहेर किती टिकते हा वेगळा प्रश्न आहे, पण बैठकीचा फरक मिटवायला बैठक मिटवावी लागते, ही समज त्या मांडवात दिसते.

दुसरा मार्ग हॉटेलचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि तिथे स्वतः जाऊन उघडपणे चहा घेतला. सरदार-दरकदारांनाही मग पाठोपाठ तो घ्यावा लागला. मराठवाड्यात असा राजा नव्हता. इथल्या कितीतरी हॉटेलांत दलितांसाठी कपबशी वेगळी, ती बाहेर ठेवलेली, आणि बाकडंही बाहेरचं. २६ जानेवारी १९५० ला लागू झालेल्या राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. घटना लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की हा देश माणसाला आधी बाकड्यावरून उठवतो.

खुर्ची आणि रेग्झिन

टेबल-खुर्चीवर जेवणं या जिल्ह्यात बाहेरून आलं. एकोणिसाव्या शतकात अंबाजोगाईला, म्हणजे निझामी कारभारातल्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. अधिकारी इंग्रज. छावणी म्हटली की मेस आली आणि मेस म्हटली की खुर्च्या. गावासाठी मात्र खुर्ची बराच काळ जेवणाची झाली नाही. ती कचेरीची होती. तहसीलदार बसतो ती. मराठीत ‘खुर्ची’ म्हणजे सत्ता, हा अर्थ असाच चिकटला. जेवायला खुर्चीवर बसणं म्हणजे पाय न धुता, चपला घालून, साहेबासारखं जेवणं.

त्या खुर्चीवर कापड कोणतं? इथे एका विलायती मालाची एंट्री होते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावात एक कंपनी सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन, त्यावर कातड्यासारखा ठसा उठवून नकली चामडं बनवायची. तिचा ट्रेडमार्क होता ‘रेक्झिन’. कंपनी विस्मरणात गेली, माल बदलून पीव्हीसीचा झाला, पण नाव आपल्याकडे रेग्झिन म्हणून घरोघरी राहिलं.

आता ही गोष्ट बीडच्या नजरेतून बघा. बीड हे खऱ्या कातड्याच्या कामाचं गाव होतं. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये इथल्या छागला म्हणजे पाण्याच्या कातडी पिशव्या, आणि गुप्त्या यांची खास नोंद आहे. उन्हाळ्यात छागलेतलं पाणी गार राहायचं, प्रवासी ती बरोबर ठेवायचे. पण ती बनवणाऱ्या कारागिराला पंगतीत जागा नव्हती, आणि जेवणाच्या जागी कातडं आणणं म्हणजे विटाळ. हरणाचं अजिन चालायचं, गाई-म्हशीचं कमावलेलं कातडं नाही.

त्याच घरांच्या नातवंडांनी पुढे डायनिंग टेबल घेतलं आणि खुर्च्यांना लावलं काय, तर कातड्यासारखं दिसणारं रेग्झिन. कुणाचीच तक्रार आली नाही. कारण रेग्झिन जुन्या यादीत बसतच नव्हतं. ते सूत नाही, रेशीम नाही, लोकर नाही, कातडंही नाही. त्याला विटाळ होतो की नाही हे कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

शिवाय तोवर त्यावर सगळ्यांनी बसून झालं होतं. निझामाच्या राज्यात १९३२ मध्ये रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनी सरकारी बससेवा सुरू केली. पलीकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर एसटी धावली, तिच्या बाकांत काथ्या होता. पुढे एसटीच्या बाकावर, टॉकीजमध्ये, दवाखान्यात, केशकर्तनालयात रेग्झिनच आलं. तिकीट काढलं की शेजारी कोण हे विचारायची सोय नाही. सार्वजनिक बैठकीचं हे कापड नंतर घरात शिरलं, आणि येताना एक नवा शब्द घेऊन आलं: डाग. विटाळाची भाषा मागे पडून डागाची भाषा आली. विटाळ माणसाचा होता, डाग कालवणाचा. एवढा बदल छोटा नाही.

पाणी

तरी रेग्झिन जिंकलं ते केवळ नव्या विचारांमुळे नाही. ते जिंकलं पाण्यामुळे.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या बोलण्यात अजून ‘बहात्तरचा’ म्हणूनच येतो. रोजगार हमीचे खडी फोडायचे दिवस, सुकडीचे दिवस. योगायोग असा की त्याच १९७२ मध्ये फ्रान्समध्ये आंरी मासोने नावाच्या माणसाने एका साच्यातून एका फटक्यात निघणारी प्लॅस्टिकची खुर्ची बाजारात आणली. शिवण नाही, खिळा नाही, कापड तर नाहीच. तिचीच भावंडं आज आपल्या ओसरीवर एकात एक घालून ठेवलेली असतात. एक तांब्या पाणी ओतलं की स्वच्छ. बीड जिल्ह्यातल्या बहुसंख्य घरांत ‘डायनिंग चेअर’ म्हणजे हीच. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाला जाणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी कुटुंबं बंद घरात मागे ठेवतात त्या याच खुर्च्या. फडातल्या कोपीपुढे मात्र ताडपत्री किंवा वाकळ, नाहीतर नुसती माती.

२०१६ मध्ये केज तालुक्यात धनेगावला असलेलं मांजरा धरण कोरडं पडलं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ती बातमी देशभर गाजली. बीडच्या गावांत टँकरची रांग होती. अशा वर्षी खुर्चीचं कव्हर धुवायला काढणार कोण? पुसता येणारं कापड ही इथे फॅशन नव्हती. ज्याला महिनोन्महिने पाणी दाखवावं लागत नाही असं कापड म्हणजे घोंगडीचाच नवा अवतार. कुशनवाल्याचा पहिला प्रश्न म्हणूनच रंगाचा नसतो.

रांधणारीची जागा

या सगळ्या इतिहासात एका बैठकीवर कधीच कापड नव्हतं. स्वयंपाकघरातल्या.

चूल जमिनीवर होती तेव्हा बाई उघड्या पाटावर बसून भाकऱ्या थापायची. विळीवर चिरायची, तीही विळीच्या फळीवर बसून. जाळ जवळ, म्हणून कापड नको, आणि कापड खराब होईल म्हणूनही नको. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, आणि शेवटी बायकांची, तीही बहुधा खाली, हाताला येईल तिथे. नंतर गॅस आला, ओटा आला. कमरेचा त्रास वाचला हे खरं. पण ओट्याने तिचा पाटही काढून घेतला. बाहेर सहा गादीच्या खुर्च्या आल्या आणि आत बसायची जागाच संपली. तवा गरम आहे तोवर ती उभी असते, बाकीचे बसून गरम पोळी खातात. टेबलाने पंगत एकत्र आणली असं आपण म्हणतो, पण बऱ्याच घरांत चार खुर्च्या आणि पाचवी व्यक्ती ओट्याशी, हाच हिशेब आहे.

मग घ्यायचं काय?

आता दुकानात परत येऊ, पण या वेळी इतिहास हाताशी घेऊन.

रेग्झिन पुसलं जातं, पण बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की मांडीला चिकटतं. स्वस्त पीयूचं ‘लेदर’ उष्णतेने आणि दमटपणाने सुटतं, त्याचे काळे पापुद्रे कपड्यांना लागतात. तेव्हा रेग्झिनच घ्यायचं तर जाड, मागे विणलेलं कापड असलेलं घ्या. तुकडा दुमडून नखाने दाबा, पांढरी रेघ उमटली की ठेवून द्या.

सुती जाड कापड बसायला सगळ्यात सुखाचं. पण ते स्टेपलने कायमचं ठोकून घेतलं तर धुता येत नाही, आणि मग सुताचा फायदाच गेला. नाडी किंवा इलॅस्टिकचं काढता येणारं कव्हर शिवून घ्या, दोन जोड्या. पॉलिएस्टरचं मखमल रंगाला छान दिसतं, डागही बऱ्यापैकी सोडतं, पण उकडतं आणि भाकरीचं पीठ त्याच्या लवेत बसतं. विकतचं काही नको असेल, तर घरातली जुनी सुती साडी आणि आजीचा किंवा आत्याचा धावदोरा यांतून खुर्चीच्या मापाचं गोधडीचं बसकर होतं. ते मशीनमध्ये जातं आणि फाटलं तर ठिगळ शोभतं.

रंगाचं म्हणाल तर आपल्या टेबलाचा खरा मालक हळद आहे. येसराची आमटी, तेलाचा तवंग, लाल तिखट, आणि खाली हळद. हळदीचा डाग साबण लावला की लालसर होतो, कारण तिच्यातला रंग क्षारात बदलतो. घाबरू नका, डाग गेला नाही असं समजून घासत बसू नका. तो रंग उन्हाने फिका होतो. ओलं कव्हर दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका. ऊन ही एक गोष्ट आपल्याकडे कमी पडत नाही. म्हणजे काढता येणारं कव्हर असेल तर फिका रंग घ्यायलाही हरकत नाही. कायमचं ठोकायचं असेल तर मोहरी, विटकरी, मरून, किंवा घोंगडीचा काळा-तपकिरी. एकरंगीपेक्षा बारीक चौकडी किंवा मिश्र सूत डाग जास्त पोटात घालतं. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये रंग ठरवू नका. वीतभर तुकडा घरी आणा, त्यावर आमटीचा थेंब टाका, रात्रभर ठेवा, सकाळी खिडकीत बघा.

काळ्या रंगाला कुणी ‘जेवायच्या जागी काळं कशाला’ म्हणालं, तर तो नियम सगळ्या गावाचा कधीच नव्हता, हे सांगता येईल.

शेवटी माप. खुर्चीची गादी साधारण अठरा इंच चौरस, फोम आणि दुमड धरून प्रत्येकी चोवीस इंच लागतात. चोपन्न इंच पन्ह्यात दोन बसतात, म्हणजे चार खुर्च्यांना सव्वा मीटर. दुकानदार तेवढंच कापेल. त्याला पावणेदोन सांगा. वरच्या अर्ध्या मीटरमध्ये ओट्याच्या उंचीच्या एका स्टुलाची गादी होते. तो स्टूल ओट्यापाशी ठेवा आणि पोळ्या लाटायची पाळी आळीपाळीने घ्या. त्या गादीला कोणता रंग हवा, ते आधी रांधणारीला विचारा.